कवठेमहांकाळ

मार्केट यार्डात, हळदीच्या पेठेत
सतरा नंबरच्या गाळ्याला
मी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करून दिलं.
पहिल्या खेपेला एकेक बटण
आकडा देऊन ठोकलेलं:
डावीकडून चाळीस, वरून एकशेवीस.
विश्रामबागला माझ्या लॅपटॉपवर
ते लग्नपत्रिकेसारखं देखणं दिसायचं.

गाळ्यातला मॉनिटर जुना, चौकोनी,
कडांच्या खाचांत हळद बसलेली.
त्यावर ‘पावती छापा’ खिडकीबाहेर गेलं.
भूपाल आण्णांनी पडद्यामागे वाकून पाहिलं,
‘बटण बोळात गेलंय व्हय?’

मिरजेची वेलांटी वरून कापलेली.
ओळीची उंची मी
इंग्रजी अक्षरांच्या मापानं धरली होती;
आपली अक्षरं
डोक्यावर काही ना काही घेऊन चालतात
हे लक्षातच आलं नाही.
आणि गावाच्या रकान्यात
‘कवठेम’
आणि तीन टिंबं.
काट्याशी उभा असलेला माणूस म्हणाला,
‘ताई, बाकीचं गाव कुठं गेलं आमचं?’

लाइट गेली म्हणून गोदामात जाऊन बसले.
राजापुरीची पोती उतरत होती.
टेप नाही, खडूची रेघ नाही.
आण्णा फक्त पहिलं पोतं दाखवायचे,
दुसरं त्याच्या शेजारी,
तिसरं दोघांच्या सांध्यावर.
एक नवा पोरगा पोतं भिंतीला टेकवायला गेला
तर केवढ्यानं ओरडले,
‘भित सोड! हातभर सोड!
वारं कुठनं जाईल मग?’

त्या रात्री सगळे आकडे पुसले.
आडवी रांग, तिच्या पोटात उभी,
उभीच्या पोटात चौकटी:
गाव, माल, पोती, वजन.
कोणी किती जागा घ्यायची
ते ज्याच्या त्याच्या मजकुरावर सोडलं.
चालवून पाहिलं तर सगळी बटणं
डाव्या कोपऱ्यात एकमेकांच्या उरावर.
दीड वाजता उलगडा झाला
की मुख्य खिडकीला तिची मांडणी आधीपासून असते,
वर मेनू, खाली पट्टी, जिथलं तिथं;
तिच्यावर आपली लादता येत नाही.
मधोमध एक कोरा तुकडा ठेवायचा
आणि काय मांडायचं ते त्यावर.
मला एकटीला हसू आलं.
सासूबाईंच्या ओट्यावर माझा मिक्सर ठेवायला
अडीच वर्षं गेली होती,
आणि तोही शेवटी
त्यांनीच सरकवून दिलेल्या जागेत.

सोमवारी आण्णांनी माउस धरला,
दोन बोटांनी, तपकिरीची चिमूट धरावी तसा.
खिडकीचा कोपरा ओढला, सोडला,
परत ओढला.
वजनाचा आकडा फुगला, आक्रसला,
बटणं उजवीकडे सरकून
शहाण्यासारखी उभी राहिली.
‘ह्ये मधलं मोकळं कशापायी?’
म्हटलं, ते कुणाचंच नाही,
ते नुसतं ढकलतं
म्हणून बाकीचे जागेवर राहतात.
‘म्हंजे वाऱ्याचं,’ आण्णा म्हणाले
आणि पुढच्या गाडीला हाक दिली.

गाव पुरं दिसत होतं.
वेलांट्या, अनुस्वार, सगळ्यासकट.
मी दोनदा वाचलं.
तेवढ्यात प्रिंटर कुरकुरला
आणि तीन इंची कागदावर,
जो ओढून वाढत नाही,
ज्याचा मी विचारच केला नव्हता,
छापून आलं:
कवठेम

तो माणूस काही बोलला नाही,
पावती हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.
आण्णांनी कानावरचं पेन काढलं,
पावती मांडीवर सपाट केली
आणि पुढे जोडून लिहिलं:
हांकाळ.